कुणीच ‘मग?’ म्हटलं नाही

फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. लिंबाखाली पन्नास-साठ माणसं बसलेली. मधे एक जण काहीतरी वाचतो आहे. तो थांबला की सगळ्यांच्या तोंडून एकदम, हळूच निघायचं, "मग?" मोठ्याने नाही. दावणीची गुरं रवंथ करता करता मधेच सुस्कारा सोडतात ना, तेवढंच. मी तेव्हा आत्याच्या मांडीवर होतो. गोष्ट कोणती होती ते आठवत नाही. तो आवाज तेवढा आठवतो.

पुढे मोठा झाल्यावर मी आत्याला विचारलं, की ही माणसं अशी ‘मग?’ का म्हणायची. तेव्हा तिने मला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. माझ्या पदरचं त्यात फार नाही.

कुठल्याशा जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. नगराला एक तळं होतं आणि तळ्यातून निघालेला एक पाट होता. पानमळे, भाजीचे वाफे, गुरांना पाणी पाजायची हाळं, सगळं त्या पाटाच्या पाण्यावर चालायचं. पाऊस तिथे बेताचाच, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पाळी सोडून कुणी पाणी घेतलं, तर त्याने नगराची हद्द सोडून जायचं. नियम कडक होता, पण तो सगळ्यांनी मिळून केला होता.

त्याच नगरात आणखी एक रीत होती. राजा न्यायाला बसायचा तो वाड्यापुढच्या पारावर. पण तक्रार ऐकण्याआधी एक गोष्ट वाचली जायची. राजा पगडी काढून बाजूला ठेवायचा. एकच लांब घोंगडी अंथरलेली असायची. तिच्यावर राजा, तक्रार घेऊन आलेला, ज्याच्यावर तक्रार आहे तो, पहारेकरी, बघे, सगळे खेटून बसायचे. मग नगराचा वाचक लाल फडकं सोडून पोथी उघडायचा.

त्या गोष्टीचा समोरच्या भांडणाशी काही संबंध नसायचा. भांडण बांधाचं असेल तर गोष्ट हरणाची असायची. भांडण म्हशीचं असेल तर गोष्ट सात समुद्रांपलीकडच्या कुणा नावाड्याची. वाचक मधेमधे थांबायचा. तो थांबला की ऐकणाऱ्यांनी ‘मग?’ म्हणायचं, आणि त्यातला पहिला ‘मग?’ राजाचा. तो आल्याशिवाय वाचक पुढचं पान उलटत नसे. तो त्याचा मान होता.

ही सवय पारावरून घराघरांत गेली होती. आपलं दुःख सांगणारा दोन शब्द बोलून थांबायचा. ऐकणारा म्हणायचा, "मग?" तेव्हा तो पुढचे दोन शब्द बोलायचा. कुणी विचारल्याशिवाय आपलं दुःख पुढे रेटणं त्या नगरात कुणाला आवडत नसे. दारात आलेल्या माणसाने न बोलावता थेट चुलीपर्यंत जावं, तसं ते वाटायचं.

गोष्ट ऐकून माणसांचं काय व्हायचं, ते सांगणं अवघड आहे. एका म्हातारीचं सांगतो. ती सुनेला फार जाच करायची. एकदा पारावर आई नसलेल्या पाडसाची गोष्ट झाली. म्हातारी घरी आली आणि तिने भाकरीचा पापुद्र्याचा, मऊ भाग सुनेच्या ताटात टाकला. सून बघतच राहिली. शेजारणीने विचारलं, आज काय झालं हो तुम्हाला? म्हातारी म्हणाली, "मला नाही ठाऊक. हात तिकडे गेला."

बस, एवढंच व्हायचं. हात तिकडे जायचा. कधी कधी तर गोष्ट संपल्यावर तक्रार करणाराच उठायचा, घोंगडीवरची धूळ झटकायचा आणि म्हणायचा, राहू द्या महाराज, आमचं आम्ही बघतो.

या पारावर एक बाई नेहमी पुढे येऊन बसायची. ती पाटकऱ्याची बायको. पाटकरी म्हणजे पाटाची फळी उचलून पाळीपाळीने पाणी सोडणारा. तो अगदी मुखदुर्बळ माणूस, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर पुष्कळ. ती मात्र अशी, की तिचा ‘मग?’ राजाच्याही आधी निघायचा. लोक हसायचे. "अगं बाई, महाराजांना तरी म्हणू दे," म्हणायचे. ती पदर तोंडाला लावायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करायची. वाचकाला ती आवडायची. आपण तिच्यासाठीच वाचतो, असं त्याला कधी कधी वाटायचं.

पुढे म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. तो वाईट नव्हता. खरं सांगायचं तर त्याला न्यायाची फार आच होती. पाराखाली माणसं दिवसचे दिवस वाट बघत बसलेली पाहून त्याला चैन पडेना. कारभारी हुशार होता. तो म्हणाला, "महाराज, गोष्ट संपेपर्यंत पाराची सावली या टोकाची त्या टोकाला जाते. रस प्यायचा तर सगळा उसाचा फड कशाला चावायचा?"

राजाला ते पटलं. त्या दिवशी पारावर एका पोरीची गोष्ट चालली होती. तिच्या गावचा झरा आटलेला असतो आणि पाणी कुठे गेलं ते शोधायला ती एकटी डोंगर चढून जाते. सातव्या दिवशी ती एका मोठ्या दगडाला कान लावते. तिथे वाचक थांबला होता. पाटकरणीचा ‘मग?’ निघालासुद्धा. पण राजाने ‘मग?’ म्हटलं नाही. त्याने वेगळंच विचारलं. तुझ्या सगळ्या गोष्टींचं सार एकेका ओळीत सांगता येईल का, म्हणाला.

वाचकाला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्याला फक्त वाचायला सांगत. आज राजा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"येईल, महाराज," तो म्हणाला.

"या पारामागच्या भिंतीवर मावेल?"

"मावेल."

त्याने पोथी तिथेच बांधली. लोक उठले. पाटकरीण मात्र जागची हलली नाही. ती म्हणाली, "दादा, पण त्या पोरीचं काय? तिला दगडात काय ऐकू आलं?"

"सांगेन गं," वाचक म्हणाला. त्याचं लक्ष भिंतीकडे होतं.

वाचकाने दोन महिने खपून अडीचशे गोष्टींच्या अडीचशे ओळी केल्या. गेरूने, मोठ्या सुरेख अक्षरात त्या पारामागच्या भिंतीवर लिहिल्या आणि प्रत्येकीला आकडा घातला. पोथ्या त्याच्या घरच्या माळ्यावर गेल्या. माळ्याला शिडी लावलेली असायची. पण वर कोण जातो?

काम खरंच झपाट्याने होऊ लागलं. तक्रार यायची, राजा भिंतीकडे बघायचा, जुळती ओळ वाचायचा आणि निकाल द्यायचा. जेवणाआधी पार रिकामा. लोक खूश होते. पोराबाळांना ओळी पाठ झाल्या. घरातल्या भांडणांतही त्याच निघू लागल्या. सासू म्हणायची, तुला बाविसावी ओळ लागू आहे. सून म्हणायची, आधी तुम्ही सत्तरावी वाचा. दोघींना सगळ्या ओळी येत होत्या. म्हातारीचा हात मात्र ताटाकडे पुन्हा गेला नाही.

घोंगडी कुणीतरी गुंडाळून ठेवली. उभ्या उभ्या निकाल लागायचा, मग अंथरायची कशाला?

असे दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाटकरीण आजारी पडली. अंगातला ताप हटेना, अन्न जाईना. पाटकऱ्याचं खोपट गावाबाहेर, पाटाच्या अगदी कडेला. तिथे एक गवळण दूध घालायला जायची, तीच काय ती विचारपूस करायची. एके दिवशी गवळण वाचकाकडे निरोप घेऊन आली. वाचक भिंतीवर पुसट झालेल्या अक्षरांवरून पुन्हा गेरू फिरवत होता. गवळण म्हणाली, "पाटकरीण विचारते, त्या पोरीला दगडात काय ऐकू आलं?"

वाचकाने मागे वळूनही पाहिलं नाही. हात गेरूत बरबटले होते. "तिला सांग, ती एकशे चाळिसावी ओळ," तो म्हणाला. "धीर धरणाऱ्याला वाट सापडते."

गवळण ओळ पाठ करत गेली. वाचकाला माळ्याची शिडी आठवली, नाही असं नाही. पण हात धुवायचे, वर चढायचं, एवढ्या पोथ्यांतून ती शोधायची, उन्हातून खोपटापर्यंत जायचं. उद्या बघू, असं त्याला वाटलं.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी एक पानमळेवाला पाणी प्यायला उठला आणि बघतो तर पाट वाहतो आहे. पाळी कुणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशीची पाळी त्याची होती, त्याचे वेल आधीच माना टाकत होते, आणि पाणी खोपटापुढून रिकाम्या ओढ्यात चाललं होतं. त्याने पाटकऱ्याच्या दंडाला धरलं आणि पारावर आणून उभं केलं.

उन्हाळ्यात पाण्याची गोष्ट म्हटल्यावर सगळं नगर गोळा झालं. वाचकही होता. तो भिंतीखाली, आपल्या अक्षरांजवळ उभा होता.

राजाने विचारलं, "पाणी तू सोडलंस?"

"सोडलं, महाराज."

पाटकरी इथे थांबला. त्या नगरातला माणूस थांबतो तसाच थांबला. दारात उभं राहून कुणी आत बोलावण्याची वाट बघावी, तसं त्याने राजाकडे पाहिलं. राजा भिंतीकडे बघत होता, ओळ शोधत होता.

जरा वेळ गेला. पाटकरी एक पाऊल पुढे आला. "घरात बायको आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बायको कुणाच्या घरात नाही रे? म्हणून आम्ही काय तळं फोडायचं?"

पारावर हशा पिकला. राजाच्याही ओठांवर हसू आलं. पाटकऱ्याची मान खाली गेली, ती काही पुन्हा वर आली नाही.

वाचकाच्या जिभेवर तो शब्द आला होता, हे आत्या मला दर वेळी सांगायची. अगदी ओठापर्यंत आला होता. पण पहिला ‘मग?’ राजाने म्हणायचा, अशी रीत. आणि दुसरी गोष्ट अशी, की तेवढ्यात राजाला ओळ सापडली. एकसष्टावी. ‘सर्वांचं पाणी एकट्याने घेऊ नये.’ राजाने ती मोठ्याने, सावकाश वाचली. आपली ओळ राजाच्या तोंडून ऐकताना वाचकाला बरं वाटलं. तेवढ्यात तो शब्द मागे गेला.

निकाल झाला. दिवस मावळायच्या आत पाटकऱ्याने हद्द सोडायची.

उन्हं कलताना तो वाचकाच्या दारावरून गेला. बायकोला त्याने गोधडीत गुंडाळून पाठीवर घेतलं होतं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. इतकी माणसं दारांत उभी होती, त्यांत तिने वाचकाला ओळखलं. तिचे ओठ हलले. वाचक जमिनीकडे बघू लागला.

चौथ्या दिवशी गवळण वाचकाच्या दारी आली. चरवी रिकामी होती. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "गेली. हद्दीच्या दगडापलीकडे करंज आहे ना, तिथेच ठेवली तिला."

 मग विचारायची वाट न बघता तीच पुढे बोलू लागली. तुमची ओळ मी नेली, म्हणाली. तशी पाटकरीण म्हणाली, ओळ नको गं मला, त्या पोरीने दगडाला कान लावला होता, तिला काय ऐकू आलं तेवढं सांग. रोज तेच विचारायची. नवऱ्याला वाचता येत नाही, गोष्ट ठाऊक नाही. तुमच्याकडे यायचा धीर होईना. तो म्हणाला, पाणीच ऐकू आलं असेल. खोपटाच्या भिंतीला लागून पाट. त्याने वीतभर फळी उचलली. तिने भिंतीला कान लावला. फार वेळ लावून पडली होती.

एवढं बोलून गवळण थांबली.

"मग?" वाचक म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द निघाला.

गवळणीने चरवी उचलली. "आता मग काय, दादा?" ती म्हणाली. "तेव्हा म्हणायचं होतंत."

वाचक राजाकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं, स्वतःचंही लपवलं नाही. राजाने पानमळेवाल्याला बोलावून विचारलं, तुझं किती नुकसान झालं? तो म्हणाला, चार वेल वाळले. आणि मग म्हणाला, "मला हे माहीत असतं, तर मीच फळी धरून उभा राहिलो असतो."

राजाने स्वतः ओल्या फडक्याने भिंत पुसली. गेरू काही पुरता निघाला नाही. तांबूस डाग राहिलेच. त्याने पाटकऱ्याला परत आणायला दोन माणसं पाठवली. पाटकऱ्याने त्यांना पाणी दिलं, बसायला जागा दिली. उत्तर काही दिलं नाही. माणसं परत आली.

पुन्हा घोंगडी अंथरली गेली, पुन्हा पोथी उघडली. राजाने पगडी काढून ठेवली. वाचकाने एक पान वाचलं आणि तो थांबला.

पारावर कुणीच काही बोललं नाही. माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मागून एक जण म्हणाला, "सार सांगा की हो, घरी कामं आहेत." राजाला तेव्हा आठवलं. तो "मग?" म्हणाला. पण त्याचा आवाज एकट्याचा होता, आणि पुढच्या जागेवर कुणी नव्हतं.

नगराला तो शब्द पुन्हा शिकायला पुष्कळ वर्षं लागली. आधी लहान मुलं म्हणू लागली, मग त्यांच्या आया. मी लिंबाखाली ऐकला, तो त्याचाच कुठला तरी दूरचा आवाज असावा.

गोष्टीचं तात्पर्य सांगायचं असतं. ते इथेच सांगून टाकतो, कारण यापुढचं सांगून झाल्यावर मला काही बोलवत नाही. गोष्टीतल्या परक्या माणसाला ‘मग?’ विचारायचं आपण सोडलं, की समोर उभ्या असलेल्या माणसालाही ते विचारायचं राहून जातं.

तर एके सकाळी वाचक शिडीवरून माळ्यावर चढला. ती पोथी त्याने शोधली, लाल फडक्यात बांधली आणि तो हद्दीच्या दगडापलीकडे गेला. करंजाखाली मातीचा एक लहानसा उंचवटा होता, वर दगड रचलेले होते. पाटकरी जवळच बसून काठी तासत होता. त्याने वाचकाला पाहिलं आणि बसायला जागा करून दिली.

वाचकाला माफी मागायची होती. पण त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्याने पोथी उघडली आणि गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली. झरा आटला, पोर निघाली, एक दिवस झाला, दोन दिवस झाले. पाटकरी काठी बाजूला ठेवून ऐकत होता. पोर सातव्या दिवशी त्या मोठ्या दगडापाशी आली. तिने केस मागे सारले आणि दगडाला कान लावला.

वाचक तिथे थांबला. रीतच तशी होती. विचारल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

तो वाट बघत राहिला. करंजाची सावली पोथीवरून सरकत मातीच्या उंचवट्यावर गेली.

पाटकऱ्याने एकदा पोथीकडे पाहिलं, एकदा त्या उंचवट्याकडे पाहिलं. मग काठी उचलून तो उठला, आणि काही न बोलता डोंगराच्या वाटेने निघून गेला.